वैरागची ओल

सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या एस.टी.त कोणत्या बाजूची खिडकी मिळाली याला फारसे महत्त्व नाही. दोन्ही बाजूंना काळे रानच दिसते. शहर मागे पडले की अधूनमधून एखादी द्राक्षबाग, एखादा उसाचा हिरवा तुकडा, आणि बाकी सारे ज्वारी, तूर, हरभऱ्याचे कोरडवाहू शिवार. बार्शीच्या अलीकडे वैराग लागते. तालुक्यातले हे मोठे बाजाराचे गाव. संतनाथ हे ग्रामदैवत. मुख्य रस्त्यावर दुकानांची दाटी असली, तरी आत गल्लीत शिरले की जुनी माळवदाची घरे अजून उभी दिसतात. जाड मातीच्या भिंतींची, भर उन्हाळ्यात आत गारवा धरून ठेवणारी. त्यांपैकी एक घर माझ्या आत्याचे.

आत्याचे वय ७९. लहानपणी मी तिच्याकडे सुट्टीला जात असे. आता तीस वर्षांची डॉक्टरकी पाठीशी घेऊन, औषधांची पिशवी खांद्याला लावून जातो. गेल्या वर्षभरात तीन वेळा वैरागला जाणे झाले: पौषात, वैशाखात आणि आता मार्गशीर्षात. या तीन खेपांत त्वचा आणि पाणी यांच्या नात्याविषयी मला जे उमगले, ते सारे वैद्यकीय पुस्तकांत होतेच. ते मी लक्षपूर्वक आचरणात आणले नव्हते, एवढे मात्र कबूल करायला हवे.

पौष : वरची कोरड

पौषात गेलो तो हुरड्याच्या निमित्ताने. मालदांडीची कणसे हुरड्यात आली होती. पहाटे थंडी, दुपारी टोचरे ऊन, आणि दिवसभर असा कोरडा वारा की ओठ फुटावेत. रानात आगटी पेटली, गरम कणसे चोळून हुरडा निघाला, शेंगाची चटणी आणि दही आले. पण आत्या रानात आलीच नाही. “अंगाला लई खाज सुटतीया, रातभर झोप न्हाय,” एवढेच ती म्हणाली.

संध्याकाळी सोप्यात बसून तिने नडग्या दाखवल्या. आटलेल्या तळ्याचा तळ जसा दिसतो, तशी ती त्वचा दिसत होती. बारीक भेगा एकमेकींना जोडत जाळे झाले होते. नखांचे ओरखडे होते, दोन जागी रक्त साकळलेले होते. सवयीने मी तिच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी काही क्षण तशीच उभी राहिली आणि सावकाश खाली बसली. मी सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितले, “अंगात पाणी कमी आहे. पाणी वाढवा.”

वहिनी काकुळतीने म्हणाल्या, “भाऊजी, मी रोज तांब्या भरून उशाशी ठेवते. आत्या हातच लावत नाहीत.” या भागात सुना सासूलाही आत्याच म्हणतात. आत्या खाली पाहत गप्प राहिली. मी खाजेची गोळी लिहून दिली, पाण्याचा उपदेश पुन्हा एकदा केला आणि परतलो.

त्या संध्याकाळी माझ्या हातून दोन चुका झाल्या.

पहिली चूक चिमटीची. लहान मुलांमध्ये ही परीक्षा उपयोगी पडते, कारण त्यांच्या त्वचेत लवचीक तंतू भरपूर असतात. कातडीची घडी हळू बसली, तर शरीरातील पाणी कमी झाले असावे असा अंदाज बांधता येतो. वयपरत्वे हे तंतू झिजतात. मग शरीरात पुरेसे पाणी असले तरी हाताच्या पाठीवरची घडी उभी राहते. आत्याची जीभ त्या दिवशी ओली होती, बोलणे खणखणीत होते, नाडी शांत होती. पण मी घडी पाहिली आणि निष्कर्ष काढून मोकळा झालो.

तिच्या नडग्यांचे दुखणे निराळेच होते. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. तो इतका पातळ असतो की बहुतेक ठिकाणी त्याची जाडी कागदाहूनही कमी भरते. या थरातल्या पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि मधल्या सांध्यांत स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. पेशींच्या आत पाणी धरून ठेवणारी नैसर्गिक द्रव्ये असतात, आणि बाहेरचा गिलावा ते पाणी उडून जाऊ देत नाही. या थरात साधारण २० ते ३० टक्के पाणी असेपर्यंत त्वचा मऊ राहते. ते १० टक्क्यांच्या खाली गेले की ती ताठरते, खवले धरते, तडकते. तडकलेल्या जागेतून आणखी पाणी उडते आणि उघड्या पडलेल्या मज्जातंतूंना खाज जाणवते. खाजवल्याने गिलावा आणखी निखळतो. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

म्हातारपणी हा गिलावा कमी तयार होतो, तेलग्रंथीही मंदावतात. त्यात आत्याची आंघोळ! तांब्याच्या बंबातले कढत पाणी, बोअरचे क्षारयुक्त पाणी, अंगभर भरपूर साबण आणि वर वज्रीने घासणे. त्वचेचा स्वभाव किंचित आम्ल असतो, साबण मात्र अल्कधर्मी असतो. जड पाण्यात साबणाचा क्षारांशी संयोग होऊन पांढरट थर बनतो आणि तो अंगावर चिकटून राहतो. कढत पाण्याने आहे ती स्निग्धता विरघळून जाते. पौषातला कोरडा वारा उरलेले काम पुरे करतो.

अशा त्वचेला तांब्याभर पाणी पिऊन काय मिळणार? प्यालेले पाणी आधी रक्तात जाते, मग हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांच्या गरजा भागवते. त्वचेच्या खालच्या थरांपर्यंत ते रक्तातून पोहोचते. परंतु सर्वांत वरच्या मृत थराला रक्तवाहिन्या नसतात. तिथली ओल टिकणे हे मुख्यतः गिलाव्यावर अवलंबून असते. जो मुळात पुरेसे पाणी पितो, त्याने आणखी पाणी प्याल्याने त्वचेचा कोरडेपणा जातो, असे ठामपणे सांगण्याइतका पुरावा वैद्यकशास्त्राकडे नाही. मी मात्र तेच सांगून आलो होतो.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. आत्या पाण्याला हात का लावत नाही, हे मी तिला विचारलेच नाही.

वैशाख : आतली कोरड

वैशाखात एके सकाळी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, आत्या आज काहीतरीच बोलतायत. रात्री उठताना तोलही गेला होता.” मिळेल त्या गाडीने निघालो. त्या दिवसांत पारा ४२ अंशांच्या पुढे होता. रस्त्याच्या दुतर्फा काळी जमीन उलली होती. या मातीचा गुणच असा की पाणी मिळाले की ती फुगते आणि सुकली की आक्रसते. वैशाखात तिच्या भेगांत मनगटापर्यंत हात जातो. बार्शी तालुक्यातून वाहत पुढे सीनेला मिळणाऱ्या भोगावतीचे पात्र त्या दिवसांत वाळूचे आणि खडकांचेच होते.

आत्या सोप्यात पडून होती. तिने मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. वडील जाऊन अकरा वर्षे झाली आहेत. तिची जीभ लाकडासारखी कोरडी होती. काखेत हात घातला तर तीही कोरडी ठणठणीत, बाहेर एवढी तलखी असताना! नाडी जलद, रक्तदाब नेहमीपेक्षा खूप खाली. मी पुन्हा तिच्या हाताची कातडी चिमटीत धरली. घडी उभी राहिली आणि सावकाश बसली; अगदी पौषात बसली होती तशीच.

त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. पौषात शरीर ओले होते आणि वरची त्वचा कोरडी होती. आता शरीरच कोरडे पडले होते. हाताची घडी मात्र दोन्ही वेळी एकच उत्तर देत होती.

तिला लगेच बार्शीला नेऊन दाखल केले. रक्तातील सोडियम वाढले होते, मूत्रपिंडांवर ताण आला होता. सलाइन सावकाश चढवण्यात आले. तिसऱ्या दिवशी तिने मला माझ्या नावाने ओळखले आणि मग, पौषात जे विचारायला हवे होते ते मी विचारले.

“रातीला उठाया लागतंय, बाळा,” ती म्हणाली. “संडास परसात. अंधार असतोय. पडलेबिडले तर उचलायचं कुणी? सून दिवसभर राबती, तिला किती उठवायचं? म्हणून चार वाजल्यापासनं पानीच सोडलंय.” थोडे थांबून तिने पुढे जोडले, “आन् मला तहान लागतीच कुठं? बहात्तरला खडी फोडाया जायचो तवा दिवसाला दोन गलास प्यायचो. सवय हाय.”

१९७२च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर गेलेली ती पिढी. पाणी जपून वापरणे तिच्या अंगवळणी पडले आहे. पण २८ वर्षांचे शरीर आणि ७९ वर्षांचे शरीर यांत अंतर आहे. तरुण माणसाच्या वजनात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. वृद्धाच्या शरीरात ते पन्नासच्या जवळ येते. साठा लहान होतो. मेंदूतील तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे पाण्याची गरज असूनही तहान लागत नाही. मूत्रपिंडे पूर्वीसारखे पाणी राखू शकत नाहीत. त्यातच आत्याला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू होती.

उन्हाळ्यात त्वचेचे मोठे काम शरीर थंड ठेवण्याचे असते. रक्त त्वचेकडे वळते, घाम येतो आणि तो वाळताना उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. वृद्धांच्या घामग्रंथी आधीच कमी काम करतात. त्यात पाणी कमी पडले की शरीर रक्त आतल्या अवयवांसाठी राखते, त्वचेकडचा पुरवठा आखडतो, घाम आटतो आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. उष्माघाताची वाट अशी तयार होते. आत्या त्या वाटेवर बरीच पुढे गेली होती.

मार्गशीर्ष : तिसरी कोळपणी

आता मार्गशीर्षात पुन्हा गेलो. दादा, म्हणजे आत्याचा थोरला मुलगा, रानात होता म्हणून थेट तिकडेच गेलो. ज्वारी कमरेच्या वर आली होती. पेरणीनंतर पावसाचा थेंब नव्हता आणि विहिरीचे पाणी या तुकड्याला नव्हतेच. तरी पीक हिरवेगार होते. दोन ओळींमधून दादा बैलांमागे दातेरी कोळपे धरून चालला होता.

“तण तर दिसत नाही. मग आता कोळपणी कशाला, दादा?” मी विचारले.

“तणासाठी न्हाय ही. भेगा बुजवायसाठी,” तो म्हणाला. “पाऊस काय आपल्या हातात न्हाय. पडलेली ओल धरून ठेवणं तेवढं आपल्या हातात. भेग उघडी ऱ्हायली तर खालची ओल वाऱ्यावर जाती.”

रब्बी ज्वारीला तीन कोळपण्या सांगितल्या जातात: तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. शेवटची दातेरी कोळप्याने द्यायची, म्हणजे भेगा मातीने भरतात आणि वर भुसभुशीत थर तयार होतो. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. म्हणूनच १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले, आणि मालदांडीचे प्रसिद्ध ३५-१ हे वाण याच जिल्ह्यातल्या मोहोळला निवडले गेले. पाणी किती मिळते याच्याइतकेच किती टिकते हे महत्त्वाचे, ही या मुलखाची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. माझ्या आत्याच्या नडग्यांना नेमकी हीच विद्या हवी होती. भेगा बुजवायच्या, वर एक राखणारा थर द्यायचा. आणि खालची ओल कमी पडू नये याची व्यवस्था वेगळी करायची.

घरी गेलो तेव्हा दिसले की वैशाखानंतर वहिनींनी दोन्ही व्यवस्था लावल्या होत्या. आत्याच्या खाटेशेजारी कमोडची खुर्ची होती. परसाच्या वाटेवर दिवा लागला होता आणि भिंतीला धरायला लोखंडी नळी ठोकली होती. कोनाड्यात एक लिटरची बाटली होती. ती सकाळी भरायची आणि दुपारच्या जेवणापर्यंत संपवायची. दुपारी ताक, चारला चहा, संध्याकाळच्या जेवणात पातळ आमटी. कडक भाकरी आत्याला फार आवडते, पण ती मुळातच कोरडी. आता ती आमटीत कुस्करून दिली जाते. बरेचसे पाणी दिवसा पोटात गेल्याने रात्री उठणे वाढले नाही. गोळीची मात्रा आणि वेळ मी तिच्या हृदयतज्ज्ञांशी बोलून बदलून घेतली होती.

आंघोळीचे पाणी आता कोमट असते. साबण काखा, जांघा आणि पावले एवढ्यापुरताच. वज्री कोनाड्यात निवृत्त झाली आहे. आंघोळ झाल्यावर अंग टिपून घ्यायचे, घासायचे नाही. आणि ते दमट असतानाच तेलाचा पातळ हात फिरवायचा. घरात करडईचे घाण्याचे तेल होते, तेच वापरले. या तेलात लिनोलिक आम्ल विपुल असते आणि त्वचेच्या गिलाव्यालाही तेच लागते. नडग्यांवर आणि टाचांवर रात्री साधी पेट्रोलियम जेली. आत्याने मोठ्या कौतुकाने नडग्या दाखवल्या. जाळे नाहीसे झाले होते, ओरखडेही भरले होते. “आता रातीला झोप लागतीया,” ती म्हणाली.

घरच्यांसाठी काही गोष्टी

ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आहे, त्यांनी या दोन कोरडी वेगवेगळ्या ओळखाव्यात. खाज, खवले, नडग्यांवरच्या भेगा ही बहुधा वरची कोरड असते आणि तिचा उपाय मुख्यतः बाहेरून करायचा असतो: कोमट पाणी, थोडा साबण, दमट अंगावर तेल किंवा मलम. खोबरेल तेलही चालते. सुगंधी मलमाची गरज नाही, साधे मलम अधिक सोसवते. तळपायाला तेल लावले तर ते बिछान्यावर बसूनच लावावे आणि वर सुती मोजे घालावेत. शहाबादी फरशीवर तेलकट पाय घसरतो आणि एका घसरण्याने खुब्याचे हाड मोडते. खाजेच्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते आणि तोंड कोरडे पडते, म्हणून त्या मनाने आणून देऊ नयेत. दोन आठवड्यांच्या निगेनंतरही खाज राहिली, किंवा घरात इतरांनाही खाज सुटली, तर कारण दुसरे असू शकते, डॉक्टरांना दाखवावे.

आतली कोरड मात्र वाट पाहत नाही. जीभ व काख कोरडी पडणे, उभे राहताना चक्कर, लघवी कमी व गडद होणे, सुस्ती, आणि विशेषतः नव्याने सुरू झालेले असंबद्ध बोलणे, यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. एकाच खुणेवर विसंबू नये. खात्री रक्त तपासूनच होते. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संघटनेने वृद्ध स्त्रीसाठी दिवसाला किमान १.६ लिटर आणि पुरुषासाठी २ लिटर पेये सुचवली आहेत. त्यात चहा, ताक, आमटीचे पाणी, पन्हे, आंबील सारे धरावे. आपल्या वैशाखात याहून अधिक लागते. परंतु हृदय निकामी होत असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पाण्याचे माप डॉक्टरांनीच ठरवावे. तिथे जादा पाणी अपाय करते. रक्तदाब असल्यास ताकात मीठ बेताचे. तहान लागण्याची वाट पाहू नये, घड्याळाप्रमाणे थोडे थोडे द्यावे. उन्हाळ्याच्या दुपारी नुसता पंखा गरम हवाच फिरवतो. ओल्या फडक्याने हातपाय, मान पुसून मग पंखा लावला तर न आलेल्या घामाचे काम ते पाणी करते.

मधुमेह असलेल्यांच्या पावलांकडे रोज पाहावे. मज्जातंतू दुबळे झाले की पायाला घाम येत नाही, टाच फुटते आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. अशा भेगेतून जंतू शिरून पाय गमावण्यापर्यंत वेळ आलेली मी पाहिली आहे. अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी याच्या उलट बाजूनेही घ्यावी: लघवीने भिजून राहिलेली त्वचा कोरड्या त्वचेइतकीच लवकर फाटते. ती लगेच स्वच्छ करून टिपावी, वर जेलीचा थर द्यावा आणि दर दोन तासांनी कूस बदलावी.

आणि सर्वांत आधी, म्हातारे माणूस पाणी पीत नसेल तर रागावू नये. का पीत नाही, ते शेजारी बसून विचारावे. उत्तर बहुधा तहानेत नसते. ते अंधाऱ्या वाटेत, दुखऱ्या गुडघ्यात किंवा दुसऱ्याला त्रास नको या संकोचात असते.

निघताना आत्या दारापर्यंत आली. “पौषात हुरड्याला ये,” म्हणाली. मी तिच्या हाताकडे पाहिले, पण या वेळी चिमटा काढला नाही. “आज किती पाणी झालं?” एवढेच विचारले. तिने कोनाड्याकडे बोट दाखवले. बाटली रिकामी होती.